काळ्या दोरीचा दगड

"आप्पा, शर्ट आत खोचा," आमची सूनबाई ऋतुजा म्हणाली. "आणि ती टोपी गाडीतच ठेवा."

"का? टोपीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"तसं नाही. केस छान आहेत तुमचे, दिसू देत की."

मी रणजितकडं बघितलं. पोरगं स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या झाडांकडं टक लावून बसलं होतं. माझ्याकडं बघायची हिंमत नव्हती त्याची. मी टोपी काढली आणि पुढं आपटली.

"रणज्या, एक ध्यानात ठेव. मी बाग बघायला आलोय. नुसती बाग. बाकी काय बघायचं असेल ते तुमचं तुम्ही बघा."

"हो आप्पा."

"आणि पोहे खाणार नाही मी."

"पोहे नाहीत आप्पा," ऋतुजा हसू दाबत म्हणाली. "सँडविच आणलेत."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गाव अमेरिकेतलं सिॲटल, आणि मी सदाशिव कणसे, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे स्टँडवर काचेमागं बसून, 'फलटणकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' असं माईकवरून ओरडणारा माणूस. निवृत्त झालो तरी आवाज काही खाली आला नाही. मालन असती तर म्हणाली असती, अहो, मी इथंच आहे, फलाटावर नाही. पण मालन जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

रणजितच्या ऑफिसात शर्वरी जगदाळे म्हणून एक मुलगी होती, फलटणची. तिचे वडील वारलेले, आई लेकीकडं आलेली. इकडं मी लेकाकडं आलेला. रणजित आणि शर्वरी, या दोघांनी डबे खाता खाता आमचं लग्न जुळवायला घेतलं! मला कळलं तेव्हा मी असा भडकलो की ऋतुजानं उठून खिडक्या लावल्या. साठी उलटलेल्या माणसाला मुंडावळ्या बांधता? कोरेगावात माझी धिंड निघेल, भावकी तोंडात शेण घालेल. रणजित सगळं ऐकून घेत बसला. मग एवढंच म्हणाला, "आप्पा, तुम्ही संध्याकाळी काय करता?"

मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बाकावर बसायचो. लोक गाडीची वाट बघायचे, मी कशाचीच नाही. त्याला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी गप झालो आणि त्या गप बसण्याचा पोरांनी होकार करून टाकला.

तर असे आम्ही त्या बागेच्या दारात उभे होतो. बाग कसली, गावच्या गाव मावेल एवढं झाडांचं रान. नगरपालिकेनं शहराच्या मधोमध राखलेलं. आणि त्या रानाला लागूनच एक जपानी बगीचा.

समोरून मायलेकी आल्या. आईनं राखाडी साडी नेसली होती, पायात लेकीचे पांढरेफेक बूट, अंगात लेकीचंच जाकीट. लेक चालता चालता तिचा पदर सारखा करत होती आणि ती तो पुन्हा होता तसा करत होती. कपाळावर आठी. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, हिलाही माझ्यासारखंच धरून आणलंय.

"नमस्कार," मी म्हणालो. "सिस्टर ना आपण? ग्रामीण रुग्णालयातल्या?"

"आप्पा!" ऋतुजा कानाशी पुटपुटली. "सिस्टर काय म्हणताय!"

"मग नर्सबाईंना काय म्हणू? आमच्याकडं सिस्टरच म्हणतात."

"आमच्याकडंही तेच म्हणतात," बाई म्हणाल्या. आठी थोडी सैल झाली. "पण आता मी निवृत्त आहे. प्रमिला जगदाळे."

मग आम्हाला एका लाकडी टेबलाशी बसवून पोरांनी चौकशी सुरू केली. आयुष्यात मी पुष्कळ मुली बघायला गेलो असेन, भावासाठी, चुलतभावासाठी, पण आपल्याला कुणी असं बघितलं की कसं वाटतं ते तिथं समजलं.

"काका, शुगर, बीपी वगैरे?" शर्वरीनं विचारलं.

"शर्वरी!" बाई कडाडल्या.

"विचारू द्या," मी म्हणालो. "उजवा गुडघा सोडला तर गाडी फिट आहे. स्वयंपाक येतो. तो खाण्यासारखा असतो असं मात्र मी म्हणत नाही."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. मग रणजितनं ते वाक्य टाकलं, जे मी चार-पाच घरांतल्या बैठकीत स्वतः टाकलेलं होतं. "तुम्ही दोघं जरा फिरून या. मोकळेपणानं बोला. आम्ही इथंच आहोत."

मी उठलो. दुसरं करणार काय?

गवताच्या रुंद वाटेनं आम्ही निघालो. दोघांत एक माणूस आरामात चालेल एवढं अंतर ठेवून. बोलणं शून्य. पण राव, ती वाट! दोन्ही बाजूंना फुलांची झुडपं, आणि झुडपं म्हणजे आपल्या कुंपणाला असतात तसली नव्हेत, पुरुषभर उंच. गुलाबी, शेंदरी, पांढरी, पान दिसत नव्हतं. चेरीचा बहर सरत आलेला, गवतावर पाकळ्यांचा सडा. झाडं तर जगातून गोळा केलेली. चीनची, चिलीची, न्यूझीलंडची. प्रत्येक झाडाला एक लहानशी पत्र्याची पट्टी अडकवलेली, नाव आणि गाव लिहून. एका ठिकाणी एक खोड दिसलं, दालचिनीच्या रंगाचं, आणि साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर हलत होती. मी बोट लावणार होतो, मग लावलं नाही. आणखी पुढं गेलो तर एक भलंमोठं झाड फांद्या जमिनीपर्यंत सोडून उभं. बाईंनी पट्टी वाचली आणि एकदम म्हणाल्या, "अहो, हा देवदार आहे! आपला हिमालयातला."

"एवढ्या लांब आला?"

"आला आणि लागला पण."

आम्ही दोघं मान वर करून उभे राहिलो. शेंडा दिसत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "च्या आईला!" आणि मी जीभ चावली. बाई झाडाकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "मला पण तेच वाटलं."

त्या रानाच्या टोकाला जपानी बगीचा. तिकिटं पोरांनी आधीच हातात दिली होती. आत पाऊल टाकलं आणि सांगतो, माझा आवाज आपोआप खाली आला. कुणी गप बसा म्हटलं नव्हतं. मधे तळं, तळ्यात सोनेरी-पांढरे मासे, आपल्या दंडाएवढे. दगडावर कासवं ऊन खात पडलेली. दगडी दिवे, लाकडी पूल. आणि वाट अशी काढलेली की सगळी बाग एकदम कधी दिसायचीच नाही. वळलं की नवीन काहीतरी, मागचं झाकलेलं. स्टँडवर आम्ही सगळं एका नजरेत दिसावं म्हणून झटायचो. इथं ज्यानं कुणी हे आखलं त्यानं प्रत्येक वळणावर काहीतरी राखून ठेवलं होतं. मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

तळ्याकाठी एक वाकडातिकडा पाइन होता, जुनापुराणा. त्याची एक फांदी पाण्यावर लांबवर गेलेली, आणि तिच्याखाली लाकडी टेकू लावलेला. त्याच्यासमोरच्या बाकावर आम्ही बसलो.

"कणसेसाहेब," बाई म्हणाल्या, "एक सांगते. राग मानू नका."

"बोला."

"मी नाही म्हणणार आहे. आज संध्याकाळी शर्वरी विचारेल, तेव्हा. तुमच्यात खोट काढून नाही. मी इथं येतानाच ठरवून आले."

मी त्यांच्याकडं वळून बसलो.

"माझे मालक अकरा वर्षं अंथरुणावर होते. पक्षाघात. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची दुखणी, घरी आल्यावर यांचं. कूस बदलायची, भरवायचं, सगळं. मी केलं, आणि तोंड वाकडं न करता केलं. ते गेल्यावर मी रडले, पण पहिल्यांदा सलग झोपले पण. हे मी लेकीला सांगू शकत नाही. मला आता पुन्हा कुणाचं अंथरूण नको. कुणाचंच."

"मी ठणठणीत आहे," मी म्हणालो. मूर्खासारखं.

"सगळे ठणठणीतच असतात, आदल्या दिवसापर्यंत."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझ्या मनासारखंच झालं होतं की! भावकी नाही, धिंड नाही. पण आत कुठंतरी लागलं. मी त्या पाइनच्या फांदीकडं बघत बसलो.

"बघा," त्याही तिकडंच बघत म्हणाल्या, "टेकू दिलाय. तोडली नाही. सोपं होतं तोडणं."

"मग एकदा ठरलंच आहे तर बाग तरी नीट बघून घेऊ," मी म्हणालो. "मी तसाही बागच बघायला आलोय, सकाळपासून ओरडून सांगतोय."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. आणि त्यानंतर गंमतच झाली. विषय संपल्यामुळं आम्ही बोलायला लागलो. त्यांनी बाळंतपणाचे किस्से सांगितले, पाचगणीच्या सहलीतली बाई गाडीतच बाळंत झाली ते. मी सांगितलं की मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसतो, आणि घरी एकटा असलो की कधी कधी मोठ्यानं गाड्या पुकारतो, नुसता आवाज व्हावा म्हणून. हे मी रणजितला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. बाई हसल्या नाहीत. "कुठली पुकारता?" त्यांनी विचारलं.

"फलटणची. वाटेतल्या गावांची लांबलचक यादी असली की बरं वाटतं, वाठार, आदर्की वगैरे."

बोलत बोलत आम्ही तळ्याला वळसा घातला. एका जागी मुख्य वाटेतून एक लहानशी वाट फुटत होती. सुट्या दगडांची, शेवाळातून वर चढत जाणारी. वर झाडांत एक बुटकं लाकडी घर दिसत होतं. मी तिकडं वळलो आणि पहिल्या दगडावर पाय टाकणार, तोच माझी बाही मागून खेचली गेली.

"थांबा! ओलांडू नका."

"काय झालं? साप?"

"खाली बघा."

पाय टाकायच्या दगडावर मधोमध एक गोटा ठेवला होता. मुठीएवढा, गुळगुळीत. त्याला काळी दोरी बांधलेली, उभी-आडवी, वर छानशी गाठ. लहान पोराच्या कमरेला करगोटा बांधतात तसा.

"उतारा आहे कुणाचातरी," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"अमेरिकेत?"

"माणसं आहेत तिथं हे असायचंच. काळी दोरी, वाटेच्या तोंडाशी. दुसरं काय असणार?"

"अहो सिस्टर, जन्मभर इंजेक्शनं दिलीत तुम्ही, आणि उतारा मानता?"

"मी मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण ओलांडत पण नाही."

मला हसू आवरेना. म्हटलं, "मग मी उचलून बाजूला ठेवतो. गाडीच्या वाटेत काही आलं की मी आधी ते हलवतो, मग चौकशी करतो." आणि वाकलो.

"हात लावू नका म्हटलं ना!"

असा आवाज की तळ्यातली बदकं बाजूला सरली. मी वाकलेल्या अवस्थेतच थांबलो. माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. मालननंसुद्धा. आणि राग आला का? नाही आला. त्या बाईच्या डोळ्यांत माझी खरी काळजी होती. मला नाही म्हणून बसलेली असूनही. मी हात मागं घेतला, एक पाऊल मागं सरकलो, आणि मागं वाट नव्हती. तळं होतं.

नडगीपर्यंत पाय पाण्यात. बूट, मोजा, पँट सगळं. मासे लगबगीनं बघायला आले, त्यांना वाटलं खाऊ आला. मी कसाबसा काठाचा दगड धरून वर आलो.

"बसा खाली. घोटा बघू," बाई लगेच गुडघे टेकायला निघाल्या.

"नको."

"मुरगळला असेल."

"असेल तर असेल. बाई, तुम्ही मघाशी काय म्हणालात? माझं मी बघतो. उभ्या राहा तुम्ही."

मी जरा चिडूनच बोललो. पडल्याची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. दगडावर बसून बूट काढला, त्यातलं पाणी ओतलं, मोजा पिळला, घोटा फिरवून बघितला. ठीक होता. मोजा शेजारच्या झुडपावर वाळत घातला. बाई तेवढा वेळ हात मागं बांधून उभ्या होत्या. त्या हातांना काम नाही म्हणजे काय करावं हे कळत नव्हतं, ते मला दिसत होतं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत की काय. वर बघितलं तर तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"फलटणकडे जाणारी गाडी," त्या हसता हसता म्हणाल्या, "तळ्यात लागत आहे!"

मग मीही हसलो. किती वर्षांनी तसा हसलो असेन, देव जाणे.

आमचा गोंधळ ऐकून एक पिकल्या केसांची गोरी बाई आली. छातीवर बिल्ला होता, बाग दाखवणाऱ्यांपैकी असावी. मला वाटलं आता दंड. पण तिनं आधी माझ्या पायाची चौकशी केली. मग आमच्या नजरा त्या गोट्याकडं जातायत हे बघून ती खुलली आणि बोलायला लागली. प्रमिलाबाई मला ते मराठीत सांगत होत्या.

"ती म्हणते, उतारा नाही हा. जपानात अशीच पद्धत आहे. या वाटेनं पुढं यायचं नाही, असं सांगायचं असलं की दोरी बांधलेला दगड ठेवतात."

"मग फाटक? पाटी?"

"फाटक नाही, पाटी नाही. एवढंच."

"आणि कुणी ओलांडला तर?"

बाईंनी विचारलं. गोरी बाई हसून काहीतरी म्हणाली. "ती म्हणते, ओलांडायला काय, लहान मूलही ओलांडेल. पण ज्याला कळतं तो ओलांडत नाही."

"विचारा, कायमचं बंद आहे का?"

"नाही म्हणते. वर चहाचं घर आहे, त्याची दुरुस्ती चाललीय. आतलं काम झालं की दगड उचलतात."

आणि ती गोरी बाई प्रमिलाबाईंकडं कौतुकानं बघून आणखी काहीतरी म्हणाली. बाईंनी ते सांगितलं नाही, नुसत्या लाजल्या. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाल्या, "ती म्हणते, इथल्या निम्म्या लोकांना हा दगड दिसत नाही. तुम्हाला न सांगता समजलं."

मी त्या गोट्याकडं बघत राहिलो. काय सांगू तुम्हाला! मी जन्मभर पाट्या लावल्या. येथे थुंकू नये, फलाटावर उभे राहू नये, गाडी थांबल्याशिवाय चढू नये. साखळ्या बांधल्या, माईकवरून घसा फोडला. कुणी ऐकलं नाही. आणि हा मूठभर दगड, ना आवाज, ना धमकी, वाटेत नुसता बसला होता, आणि आम्ही दोघं परक्या मुलुखातली माणसं त्याच्यापुढं थांबलो होतो. मला त्या दगडाचा मनापासून आदर वाटला. ज्यांनी ही रीत काढली त्यांना मी तिथंच मनात हात जोडले.

परत निघालो तेव्हा माझा एक पाय मोज्याशिवाय बुटात, मोजा हातात. त्या देवदाराखाली मी थांबलो.

"बाई, मघाशी तुम्ही नाही म्हणालात. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही."

"सगळे बोलतात," त्या म्हणाल्या. "शर्वरी तर भांडते."

"मी नाही बोलणार."

आणि खरं सांगतो, ते बोलत असतानाच मला मनापासून वाटलं, या बाईनं हो म्हणायला हवं होतं. पण शब्द देऊन बसलो होतो.

टेबलाशी पोरं ताटकळली होती. सँडविच मांडलेली, तिघांचे डोळे आमच्यावर.

"मग?" शर्वरीनं आईला विचारलं. स्वरात असा काही जोर होता की नाही म्हटलं असतं तर तिथंच भांडण पेटलं असतं. बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्याआधी उठून उभा राहिलो आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सदरची गाडी रद्द करण्यात आली आहे. नाही म्हणणारा मी आहे. बाईंना कुणी काही विचारायचं नाही."

"आप्पा, पण का?" रणजितचा चेहरा उतरला.

"माझी मर्जी. सँडविच दे."

"आणि हा मोजा का हातात?" ऋतुजा म्हणाली.

"वाळतोय."

शर्वरी माझ्याकडं रागानं बघत होती, आणि ते ठीकच होतं. बाई मात्र माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. जाताना गाडीपाशी त्या मागं वळून आल्या, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"कधी फलटणला आलात तर घरी या. शुक्रवार पेठेत कुणीही सांगेल, जगदाळे सिस्टर म्हणून."

"येईन की."

"पण पायरीवर दगड असला तर..."

"तर मागं फिरेन. बेल वाजवणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

मी कोरेगावला परतलो. सुगी झाल्यावर पिशवीभर वाघ्या घेवडा घेतला, आमच्याकडचा नावाजलेला, आणि फलटणच्या गाडीत बसलो. घर सापडलं. दोन खोल्यांचं, पुढं तुळस, शेजारी दिरांची घरं. पायरीच्या मधोमध एक गोटा होता. त्याला पांढरं बँडेज बांधलेलं, उभं-आडवं, वर नर्सबाईंची घट्ट गाठ. एक शेजारीण माझ्यादेखत त्याला लांबून वळसा घालून गेली. मी घेवड्याची पिशवी गोट्याशेजारी ठेवली आणि परतीच्या गाडीला जाऊन बसलो. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? सगळ्या आदर्की घाटात वाईट वाटत होतं. पण मनात एक बारीकसा आनंदही होता. दगड ठेवला होता, म्हणजे मी येईन असं तिला वाटत होतं.

पुढच्या खेपेला दगड होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही होता, पण घेवड्याची रिकामी पिशवी धुऊन, घडी घालून त्याच्याखाली ठेवलेली होती. मी ती घेतली. नंतर हिवाळा गेला, उन्हाळा लागला. भावकी विचारायला लागली, सदाभाऊ, फलटणला काय काढलंय? मी म्हणायचो, गाडीचा प्रवास आवडतो. खोटं नव्हतं ते.

मग एका दुपारी गेलो. पायरी मोकळी होती.

माझा विश्वासच बसेना. मी वाकून पायरीच्या कडेला बघितलं, तुळशीमागं बघितलं. कुणा पोरानं उचलून फेकला असेल, नाहीतर मांजरानं लोटला असेल. आता आत जायचं का नाही? असा मी वाकलेला असतानाच दार उघडलं. प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या, हातात ते बँडेज होतं, सोडलेलं, नीट गुंडाळी केलेलं.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"दगड कुठाय?"

"उचलला," त्या म्हणाल्या. "आतलं काम झालं. या."

मी चपला काढल्या आणि पायरी ओलांडली.